जटायूच्या पंखावरची हळद

सिंगापूर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसुधावहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही तिघंही ठीक. निहारिका आता माझ्याहून चार बोटं उंच झाली आहे. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं छान चाललं आहे. प्रबोधचं ऑफिस रॅफल्स प्लेसलाच. बुओना व्हिस्टाचा आमचा फ्लॅटही तोच, फक्त समोर नवी इमारत उभी राहिल्यामुळे बाल्कनीतली तुळस रुसली आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? उल्काला पुण्यात नोकरी लागल्याचं कळलं. लेकीच्या नोकरीचे पेढे मात्र माझ्यापर्यंत आलेले नाहीत, हे लक्षात ठेवलंय.

पत्र बघून दचकला असाल. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, वाढदिवसालासुद्धा फोनवर फुलांचं चित्र पाठवून मोकळी होते. पण फोनवर काही विचारायला जावं की तुमच्याकडे नेमकी कुकरची शिट्टी होते. कागदावर शिट्टी होत नाही, म्हणून हा खटाटोप.

गेल्या शनिवारी इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपबरोबर मी तांजोंग पगारला गेले होते. तिथल्या एका जुन्या शॉपहाऊसमध्ये, म्हणजे खाली दुकान वर घर अशा इमारतीत, गॅलरी आहे, आणि सध्या हिंदुस्थानातल्या जुन्या चित्रपोथ्यांच्या सुट्या पानांचं प्रदर्शन भरलंय. ऋता नावाची पुण्याची मुलगी इथल्या विद्यापीठात हस्तलिखितांवर संशोधन करते, ती चित्रं समजावून सांगत होती. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, मी एसीच्या गारव्यात पाय ओढत चालले होते. आणि एका चित्रापाशी पाय थांबले ते थांबलेच.

रावणाचं विमान. त्याला जुंपलेली गाढवाच्या तोंडाची खेचरं. हिरव्या शालूतली सीता, एक हात बाहेर काढलेली. खाली जटायू, उजवा पंख तुटून बाजूला पडलेला. आणि जिथून पंख तुटला, तिथे एक पिवळा डाग. ऋता म्हणाली, "हा पिवळा मूळ चित्रकाराचा नाही. नंतर कुणीतरी लावलाय. का लावला, ते काही कळत नाही."

मला कळत होतं, वहिनी. ती आपल्या सांगलीच्या घरातल्या डब्यातली हळद आहे.

तुमच्या लग्नाआधीची गोष्ट, पण ऐकलीच असेल. आपली रामायणाची चित्रपोथी वर्षातून एकदाच बासनातून निघायची, पाडव्यापासून रामनवमीपर्यंत. जटायूची कथा वाचायच्या दिवशी त्या पानासमोर पाण्याची वाटी ठेवायची, तो तहानलेला असतो म्हणून. एका वर्षी दादानं वाटी ठेवली ती ठेवली, वर जखमेला हळदही लावली, आई आपल्या गुडघ्यांना लावायची तशी. चांगला तेरा वर्षांचा घोडा होता. एवढ्या मोठ्या मुलानं असं कसं केलं याचं आप्पांनाही नवल वाटलं होतं, पण नवल वाटून छडी काही थांबली नाही. दादाचे हात दोन दिवस सुजलेले होते. पानाच्या मागच्या बाजूला हळदीचा अंगठाही उमटला होता. आप्पांनी नंतर जन्मभर ते पान कुणा मुलाच्या हाताला लागू दिलं नाही.

आता मुद्द्याचं. २०१९ च्या पुरात पोथी गेली असं तुम्ही सांगितलंत. मग हे पान काय पोहत आलं सिंगापूरला? पाण्याचा एक डाग नाही त्याच्यावर. काचेखाली हळद जरा उडाली आहे, तेवढंच.

पुरातून तुम्ही मिक्सर वाचवलात, उल्काची सर्टिफिकेटं वाचवलीत, लिंबाच्या लोणच्याची बरणीसुद्धा शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली. पोथी तेवढी राहिली. हे मी तेव्हा फोनवर आईजवळ बोलले होते, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर आई होती तोवर रामनवमीचा नैवेद्य तिनं तुमच्या हातचा घेतला नाही. स्वतः थरथरत्या हातांनी शिरा करायची. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

घरी येऊन प्रबोधला एवढंच म्हटलं, की आपल्या पोथीतलं एक पान आज बघितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "जटायूची चित्रं ढिगानं असतात गं. सगळ्या जटायूंचे पंख तुटलेलेच असतात." त्याचं बरोबर असेल. पण सगळ्या जटायूंना हळद लावलेली नसते.

चित्राखालच्या पाटीवर लिहिलंय, खासगी संग्रह, २०१९. पूर ऑगस्टमध्ये आला. त्याआधी पोथी कुणाच्या हातात गेली होती? तुम्ही कुणाला दाखवलीत? कुणाला दिलीत? दादा गेल्यावर तुमच्यावर काय काय वेळ आली असेल ते मला इथे बसून कळणार नाही, हे मान्य. मी आरडाओरडा करणार नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कृष्णेचं नाही. मार्चअखेर प्रदर्शन संपलं की ही चित्रं ज्याला हवी तो घेऊन जाईल. मग आपलं पान कुठल्या देशात कुणाच्या भिंतीवर लागेल, देव जाणे.

उत्तर पत्रानंच पाठवा, आणि ऋताच्या पत्त्यावर. पत्ता मागे लिहिलाय. आमच्या टपालाच्या पेटीची किल्ली प्रबोधकडे असते. का, ते विचारू नका.

तुमची नणंद,
मधुवंती


सिंगापूर,
रविवार, ९ मार्च २०२५

वसुधावहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. इतक्या वेळा वाचल्या की तुम्हाला परत म्हणून दाखवते:

"मधूताई, पान नीट आहे हे वाचून बरं वाटलं. ते आता तिथेच असू द्या. हळद कुणी लावली ते मला ठाऊक आहे, ह्यांनी लग्नानंतर सांगितलं होतं."

पहिल्यांदा संताप आला. चोर म्हटलं तरी ही बाई साधा ठसका लागू देत नाही! एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून मी तुमच्याशी मनातल्या मनात दोन स्टेशनं भांडले, आणि उतरायचं ते सोडून पुढच्या स्टेशनला उतरले.

मग मनात पाल चुकचुकली. पुरात वाहून गेलेल्या पोथीचं पान सिंगापुरात सापडतं, आणि तुम्ही "कसं शक्य आहे" असंही विचारत नाही. "तुमची काहीतरी चूक होतेय" असंही म्हणत नाही. नीट आहे, बरं वाटलं. म्हणजे ते पान घरातून गेलेलं तुम्हाला माहीत होतं. आणि "तिथेच असू द्या" हे तुम्ही स्वतःसाठी लिहिलेलं नाही. चोर असा सल्ला देत नाही, चोर आधी कानावर हात ठेवतो.

तिसऱ्या ओळीबद्दल आधी बोलते. दादानं तुम्हाला सांगितलं होतं, आणि एवढी वर्षं तुम्ही मला एकदाही त्यावरून चिडवलं नाहीत. हो, हळद मी लावली. मी सहा वर्षांची होते. मला वाटलं, नुसतं पाणी देऊन काय होणार, रक्त तर थांबत नाहीये. आप्पांनी विचारलं तेव्हा मी दाराआड उभी होते आणि माझा अंगठा पिवळा होता. दादानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मी लावली. छडीचा आवाज मोजत राहिले, पण बोलले नाही. मोठेपणी ही गोष्ट सांगताना मी इतक्या वेळा दादाचंच नाव घेतलं, की मागच्या पत्रात तुम्हालाही तसंच लिहून गेले.

आता दुसरं. मी प्रबोधला "एक पान बघितलं" एवढंच म्हटलं होतं. जटायू म्हटलंच नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. की त्याच क्षणी लक्षात आलं होतं आणि मी त्याच्यावर ताट झाकून ठेवलं? टपालपेटीच्या किल्लीबद्दल मी तुम्हाला आधीच लिहिलं होतं, नाही का.

ऋताला विचारलं, संग्रह कुणाचा. ती आधी सांगेना. मग म्हणाली, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतले मोठे साहेब होते, निवृत्त होऊन आपल्या देशात गेले, जाताना चित्रं गॅलरीकडे देऊन गेले. जटायूचं पान त्यांना ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं भेट दिलं होतं म्हणे. मी पुढचं विचारलं नाही. कुठली बँक, कोण सहकारी, काही नाही. कॉफी पिऊन घरी आले. न विचारण्याची सवय मला फार जुनी आहे, वहिनी.

जून २०१९. निहारिकाच्या सुट्टीत आम्ही सांगलीला आलो होतो. प्रबोधनं पोथी बघायला मागितली. चैत्र नव्हता, तरी जावई म्हणतात म्हणून आईनं मान डोलावली आणि तुम्ही बासन सोडलंत. तो दुपारभर आतल्या खोलीत फोटो काढत बसला होता. आपण दोघी शेवटच्या आंब्यांचा रस काढत होतो, आई पलंगावरून त्याच्याकडे कौतुकानं बघत होती आणि मधेच तिचा डोळा लागला. तो बाहेर आला तेव्हा तुम्ही बासन परत बांधलंत.

पानं मोजलीत का तेव्हा?

आता तीन ओळींत उरकू नका. आणि माझ्यासाठी काही झाकू नका. झाकलेलं ताट उघडायला मला भीती वाटते आहे, म्हणून तर तुम्हाला सांगते आहे, तुम्ही उघडा.

मधुवंती


सिंगापूर,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार तरी कुठल्या तोंडानं घालू? तुमचं मोठं पत्र ऋतानं मंगळवारी माझ्या हातात दिलं. ती बिचारी कामाचं निमित्त काढून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली, आणि मी भर हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, समोर थंड झालेले नूडल्स ठेवून, तुमची सहा पानं वाचली.

तुम्ही कसं लिहिलंय हो इतकं शांतपणे! पाणी चढायला लागल्यावर आईला काकांकडे मिरजेला पोचवलंत, आणि परत येऊन सगळ्यांत आधी पोथी उचललीत. मिक्सर नंतर. बरणी तर शेजारणीनं आणली, तुम्ही नाहीच. शेजारच्यांच्या वरच्या खोलीत ओल लागली का बघायला म्हणून पानं एकेक करून सतरंजीवर मांडलीत, आणि जटायू नव्हता. तुम्ही लिहिलंय, "खाली पाणी चढत होतं आणि मी तीच पानं पाच वेळा मोजली." पोथी शेवटची कुणी उघडली होती ते तुम्हाला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. एक पान पुरात हरवलं असं सांगितलं असतंत, तर आईनं पोथी पुढे केली असती आणि म्हणाली असती, ठेव हात आणि सांग. "पोथीवर हात ठेवून मला खोटं बोलता आलं नसतं, मधूताई. खरं बोलले असते तर तुमचं घर राहिलं नसतं. मग पोथीच नाही म्हटलं, म्हणजे हात ठेवायला काही उरलं नाही."

आणि मग आईनं नैवेद्य बंद केला. मी फोनवरून लोणच्याच्या बरणीचे टोमणे मारले. नातेवाइकांत तुमचं नाव झालं, सासरचा ठेवा बुडवणारी सून. आई गेली ती तसंच समजून गेली. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाहीत. आणि पोथी सगळा वेळ तुमच्या लग्नाच्या पेटीत, शालूखाली. दर चैत्रात दार लावून तुम्ही एकट्या वाचत होतात, आणि जटायूच्या दिवशी रिकाम्या जागेसमोर पाण्याची वाटी ठेवत होतात. हे वाचताना मी इतकी रडले की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीबाईंनी टिश्यूचं पाकीट सरकवलं.

आता माझं ऐका. तुम्ही माझ्यासाठी जे झाकलंत, त्याच्या खाली आणखी एक थर आहे, तो तुम्हालाही माहीत नाही.

सांगलीहून निघताना बॅग मी भरली होती. तुम्ही मला दिलेली ती जांभळी इरकल साडी घडी करताना तिच्यात एक चपटं पाकीट होतं, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं. प्रबोध दारातून म्हणाला, "ऑफिसचे कागद आहेत, दुमडू देऊ नकोस." ऑफिसचे कागद सांगलीत कुठून आले? पाकिटाला कापराचा आणि जुन्या बासनाचा वास येत होता. तो वास मला जन्मापासून माहीत आहे. मी हात थांबवला. आणि मग साडीची घडी नीट घातली, वर निहारिकाचे फ्रॉक ठेवले, आणि चेन ओढली.

विचारलं नाही. दोन महिन्यांनी पूर आला, तुम्ही सांगितलंत पोथी गेली, आणि मला, खरं लिहिते वहिनी, सुटल्यासारखं वाटलं. आता काही विचारायची गरजच नाही. म्हणून तर तुमच्यावर तुटून पडले. तुमच्यावर संशय घेणं सोपं होतं, तुम्ही उलट बोलत नव्हतात.

बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रबोधला विचारलं. निहारिका समोर होती. तिला आत पाठवलं नाही, मुद्दामच. तो आधी हसला. मग म्हणाला, "एक पान तर होतं. इतकी पानं पडून होती कपड्यात गुंडाळून. साहेबांना खरी कदर होती. तिथे वाळवीनं खाल्लं असतं." मी म्हटलं, "वहिनींना सहा वर्षं लोकांनी खाल्लं, त्याचं काय?" तेव्हा त्याचा आवाज चढला. "बॅग तूच भरलीस ना? आता मोठी साळसूद!"

हे मात्र त्यानं अगदी खरं सांगितलं.

निहारिका काटा खाली ठेवून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, बट इट्स नॉट अवर्स टू गिव्ह अवे, लाह. इट्स मामीज." पंधरा वर्षांची आहे. आणि आम्ही दोघं पन्नाशीच्या घरात.

शुक्रवारी ऋताबरोबर गॅलरीत गेले. त्यांनी फ्रेम उघडून पान उलटं केलं. मागे, ओळींच्या शेवटी, अंगठा होता. इवलासा, पुसट झालेला. दादाच्या हळदीची गोष्ट मी ऋताला आधीच सांगितलेली, ती म्हणाली, "हे तेरा वर्षांच्या मुलाचं बोट नाही." मी माझा अंगठा त्याच्या शेजारी धरला आणि म्हटलं, नाही, सहा वर्षांच्या मुलीचं आहे.

मग लिहून दिलं. पान कुठल्या घरचं, कुठल्या पोथीतलं, कुणी बाहेर काढलं, कुणाच्या बॅगेतून आलं. प्रबोधचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली माझंही. तुमची पोथी शाबूत आहे, तिच्यात नेमकं एवढंच पान नाही, हेही लिहिलं. गॅलरीनं चित्र भिंतीवरून उतरवलं आहे. आता ते वकिलांकडे आणि दूतावासाकडे जाईल. वेळ लागेल म्हणाले. जुनी पोथी अशी देशाबाहेर आणणं गुन्हा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रबोधच्या ऑफिसात चौकशी होणार. त्याचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या नोकरीवर, आमचे दोघींचे त्याच्यावर, म्हणजे आमचं इथलं बिऱ्हाड राहील की नाही ते मला आज सांगता येत नाही. प्रबोध माझ्याशी बोलत नाही. काल मात्र टेबलावर टपालपेटीची किल्ली ठेवून गेला. त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

तुम्ही लिहिलंय, "पान तिथेच असू द्या, घर सांभाळा." वहिनी, सहा वर्षं तुम्ही माझं घर सांभाळलंत. आता पुरे.

एक मागणं आहे. येत्या रविवारी पाडवा आहे. पेटी उघडा. दार लावून नको, उघडं ठेवून वाचा. काकांना बोलवा, मिरजेच्या मंडळींना बोलवा, ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली त्या सगळ्यांना बोलवा, आणि हे पत्र उल्काला मोठ्यानं वाचायला सांगा, इरकल साडीसकट. लाजू नका माझ्यासाठी. जटायूच्या दिवशी वाटी ठेवा, पान येईपर्यंत रिकाम्या जागेसमोरच. आणि रामनवमीचा शिरा तुम्ही करा, आईच्या फोटोला तुमच्या हातानं दाखवा. पहिला घास मी मागते आहे, पण तो प्रसाद तुम्ही द्याल तेव्हाच घ्यायचा, एवढं मला कळतं.

दादानं त्या दिवशी माझ्याकडे बघितलं होतं ना, मी बोलावं म्हणून नाही, मी रडू नये म्हणून. तुम्हीही तेच केलंत. तुम्हा दोघांची चांगली जोडी होती.

आज माझा हात पुढे केलाय.

आपल्या वाटची छडी पहिल्यांदाच स्वतः खाणारी,
तुमची मधू